जॉनी डॉलरची खर्चाची वही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

रानातून येऊन चूल पेटवता पेटवता रेडिओ लावलेल्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या आणि आज्ज्यांना आमचा नमस्कार.

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो, त्याच्या आधी गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्यांना झालंय तरी काय! आज आम्ही अमेरिकेतल्या जुन्या रेडिओवरच्या खासगी गुप्तहेरांबद्दल बोलणार आहोत. पण बंद करू नका. शेवटपर्यंत ऐका. त्यात आपल्या गटाच्या वहीची गोष्ट आहे, मिश्रीची गोष्ट आहे, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीचीही गोष्ट आहे.

झालं असं, की गेल्या श्रावणात आम्ही पाच-सहा जणी इथे केंद्रावर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला आलो होतो. आलो तोच लाइट गेली. बाहेर पाऊस, परतीची एसटी दोन तासांनी. केंद्रावर यंत्र सांभाळणारी मुलगी म्हणाली, "ताई, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर एक गंमत ऐकवते." आणि तिने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन रेडिओ नाटक लावलं.

इंग्रजी भरभर. आम्ही बीए झालो खरं, पण आम्हालाही अर्धंच समजत होतं. मुलगी मध्ये मध्ये थांबवून सांगत होती. पण थोड्या वेळाने आम्ही तिला म्हणालो, थांबवू नकोस, चालू दे. पाऊस पडत होता, नाटकातही आणि बाहेरही. फरशीवर बुटांचा आवाज येत होता. एक दार करकरलं. आणि एक पुरुषी आवाज, दमलेला, जणू आपल्या एकटीलाच सांगतोय असा बोलत होता. आमच्यातल्या एक मावशी अंगठेबहाद्दर आहेत. त्या म्हणाल्या, "बोलणं काही कळलं नाही, पण हा गडी दमलाय आणि दारामागं कुणीतरी उभं आहे, एवढं कळलं." दारामागे खरंच एक माणूस उभा होता, पिस्तूल घेऊन!

तेव्हापासून आम्हाला नाद लागला. आता ही नाटकं होती तरी काय, ते सांगतो.

अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचला तो साधारण १९५० नंतर. त्याच्या आधीची वीस-पंचवीस वर्षं रेडिओचीच. रात्रीची जेवणं झाली की सगळं घर रेडिओभोवती बसायचं. गाणी, विनोद, बातम्या आणि नाटकं. बहुतेक नाटकं अर्ध्या तासाची. त्यांचा खर्च कुठली तरी कंपनी करायची. कुणी साबणवाली, कुणी तेलवाली, कुणी सिगारेटवाली. म्हणून नाटकाच्या आधी, मध्ये आणि शेवटी तिची जाहिरात.

गुप्तहेरांच्या नाटकांत एक खास जात होती. तिला ते लोक 'हार्डबॉइल्ड' म्हणतात, म्हणजे अंडं उकडून उकडून घट्ट व्हावं तसा माणूस. परिस्थितीने शिजून कडक झालेला. आपल्याला गुप्तहेर म्हटला की शेरलॉक होम्स आठवतो, नाहीतर आमच्या वडिलांच्या ट्रंकेत होती तसली बाबुराव अर्नाळकरांची झुंजारची पुस्तकं आठवतात. होम्स खुर्चीत बसून, डोकं चालवून गुन्हा उलगडतो. हा अमेरिकन गुप्तहेर तसा नाही. याचं भाड्याचं छोटं ऑफिस असतं, खिशात पैसे नसतात. हा दारोदार हिंडतो, लोक याच्याशी खोटं बोलतात, पोलीस याला दरडावतात, गुंड याला मारतात. तरी हा उठून पुन्हा पुढच्या दारावर थाप मारतो.

असा माणूस त्या काळी लोकांना का आवडला असेल? त्याला कारण आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. बंदी आली तशी चोरटी दारू आली, दारूबरोबर टोळ्या आल्या, आणि टोळ्यांबरोबर पोलिसांना, पुढाऱ्यांना पैसे चारणं आलं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. त्यातच १९२९ मध्ये तिथला शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, लाखो लोकांची कामं गेली. अशा वेळी लोकांना वाटायचं, सगळे विकले गेलेत, निदान एक तरी न विकला जाणारा माणूस असावा. तो त्यांना गोष्टीत सापडला.

या गोष्टी आधी स्वस्त मासिकांत छापून यायच्या. 'ब्लॅक मास्क' हे त्यातलं मोठं नाव. त्यात लिहिणारे दोघे जण पुढे फार गाजले. एक डॅशिएल हॅमेट. हा स्वतः पिंकर्टन नावाच्या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. पुढे क्षयाने तब्येत ढासळली, मग बसून लिहू लागला. म्हणजे जे केलं तेच त्याने लिहिलं. दुसरा रेमंड चँडलर. हा तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, १९३२ मध्ये नोकरी गेली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी हा गोष्टी लिहायला शिकला. बायांनो, चाळिशी उलटल्यावर आता काय शिकायचं असं म्हणणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

हॅमेटचा गुप्तहेर सॅम स्पेड १९४६ मध्ये रेडिओवर आला. चँडलरचा फिलिप मार्लो १९४७ मध्ये आला. मग रांगच लागली. रिचर्ड डायमंड, पॅट नोव्हाक, मार्टिन केन, बॅरी क्रेग. हा रिचर्ड डायमंड तर गुन्हेगार पकडून झाला की शेवटी मैत्रिणीकडे जाऊन पियानोवर गाणं म्हणायचा, कारण ते काम करणारा डिक पॉवेल मुळात सिनेमातला गायक नट होता.

ही नाटकं करायचे कशी, ते ऐकून आमच्या मावशी खूप हसल्या. स्टुडिओत एक माणूस फक्त आवाज काढायला असायचा. घोडा पळवायचा तर नारळाच्या दोन करवंट्या आपटायच्या. आग दाखवायची तर चुरचुरणारा कागद माइकजवळ चुरगळायचा. ढग गडगडवायचे तर पत्रा हलवायचा. मक्याच्या पिठाचा पुडा दाबला की बर्फावरून चालल्याचा आवाज. चौकटीसकट दार स्टुडिओत आणून ठेवलेलं असायचं, कुणी आत आलं की ते उघडायचं आणि लावायचं. सुरुवातीला बराचसा कारभार थेट प्रक्षेपणाचा. चुकलं तर चुकलं. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक आहे, म्हणून कित्येकदा नट मंडळी एकाच रात्री तेच नाटक दोनदा करायची.

आम्ही करवंट्यांचा प्रयोग इथे केंद्रावर करून पाहिला. हुबेहूब टापा! तेव्हा आमच्या लक्षात आलं, की यांना फार पैसा लागत नव्हता. आपल्या सैपाकघरातल्या वस्तूंतून यांचं शहर उभं राहत होतं. उरलेलं ऐकणारीने आपल्या मनात उभं करायचं.

आता ज्याच्यासाठी आज बोलायला घेतलं, त्याच्याकडे येतो. त्याचं नाव जॉनी डॉलर.

जॉनी डॉलर हा विमा कंपन्यांसाठी तपास करणारा माणूस. राहायला हार्टफर्ड गावात, म्हणजे जिथे विमा कंपन्यांची मोठमोठी ऑफिसं आहेत तिथे. कुणाचं गोदाम जळलं, कुणाचे दागिने गेले, कुणी विमा उतरवून महिनाभरात मेला, की कंपनी याला फोन करणार. जा आणि खरं काय ते बघ. हा कार्यक्रम १९४९ मध्ये सुरू झाला आणि १९६२ पर्यंत चालला. नट बदलत गेले. त्यातला बॉब बेली सगळ्यांत लाडका. त्याच्या सुरुवातीच्या काळात एकच गोष्ट रोज पंधरा मिनिटं अशी सोमवार ते शुक्रवार चालायची. आपल्या संध्याकाळच्या मालिकेसारखीच, फक्त शुक्रवारी गोष्ट संपायची. आपल्या मालिका संपतच नाहीत.

पण यातली खरी गंमत सांगण्याच्या पद्धतीत आहे. संपूर्ण गोष्ट म्हणजे जॉनी डॉलरने कंपनीला पाठवलेला खर्चाचा हिशोब! तो म्हणणार, बाब पहिली: टॅक्सीचे एवढे डॉलर, ऑफिसपासून स्टेशनपर्यंत. बाब दुसरी: रेल्वेचं तिकीट. बाब तिसरी: हॉटेलची खोली, आणि त्या खोलीत शिरलो तर आत कुणीतरी आधीच बसलेलं. प्रत्येक रकमेमागे एक जागा, एक वेळ, एक माणूस. असं करत करत खून उलगडतो आणि शेवटी तो एकूण खर्चाची बेरीज सांगून खाली सही करतो.

आम्ही पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आम्हाला हसूच आलं. म्हटलं, ही तर आपली रोख वही! तारीख, नाव, कारण, रक्कम, बेरीज, सही. आपण इतकी वर्षं गटाची कीर्द लिहितोय, पण तिच्यात गोष्ट असते हे कधी डोक्यात आलं नाही. कुणाच्या पोराची फी, कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची म्हैस. सगळं त्या रकान्यांत आहे.

आणि मग थोड्याच दिवसांनी ते घडलं. ज्या ताईबद्दल सांगतोय, तिची परवानगी घेऊनच सांगतोय. नाव आणि गाव सांगणार नाही.

आमच्या एका गटात बारा जणी आहेत. महिन्याला शंभर रुपये बचत. मासिक बैठकीत पेटी उघडली, पैसे मोजले, तर वहीपेक्षा १,२०० रुपये कमी. पुन्हा मोजले. कमीच. कोषाध्यक्ष म्हणजे एक तरणी सून, लग्न होऊन गावात आल्याला चार वर्षं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी काही बोललं नाही. पण बैठक संपल्यावर पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. तिच्या नवऱ्याने त्याच महिन्यात नवा मोबाइल घेतला होता. झालं! मोबाइल आणि १,२०० रुपये यांची गाठ कुणी मारली ते कळलं नाही, पण गाठ बसली. पुढच्या आठवड्यात ती पोरगी दळण घेऊन गिरणीत गेली तर बाया बोलायच्या थांबल्या. तिने गटात यायचं सोडलं. सासू म्हणाली, "आमच्या घराची अब्रू गेली."

आणि खरं सांगायचं, तर आम्हालाही अर्धंमुर्धं तसंच वाटलं होतं. आम्ही समन्वयक. आम्ही प्रशिक्षणं घेतो, विश्वास ठेवा म्हणून सांगतो. तरी मनात आलंच, की गरीब घर आहे, अडचण आली असेल, घेतले असतील.

त्या रात्री जॉनी डॉलरची आठवण झाली. तो कुणाच्या मोबाइलवरून चोर ठरवत नाही. तो म्हणतो, बाब पहिली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष, सचिव आणि आम्ही वही घेऊन बसलो. सगळ्या बाराजणींची पासबुकं मागवली. मागच्या बैठकीपासून एकेक रक्कम घ्यायची, वहीत बघायची, पासबुकात बघायची, जिने भरली तिला विचारायचं. तारीख कुठली, कुणाच्या हातात दिले, कुठे दिले. दुपारी बाराला बसलो ते चार वाजले. एका काकूंचा कर्जाचा हप्ता वहीत दोनदा होता. एकदा पाच तारखेला, एकदा बारा तारखेला. दोन्ही १,२०० रुपये. काकूंच्या पासबुकात मात्र एकच नोंद. काकू म्हणाल्या, "मी एकदाच दिले गं बाई. पाच तारखेला, कोषाध्यक्षाच्या घरी जाऊन."

म्हणजे पैसे गेलेच नव्हते. ते आलेच नव्हते! वहीतच जास्त लिहिले गेले होते. मग बारा तारखेची नोंद कुणी केली? त्या दिवशी बैठक होती. कोषाध्यक्ष तापाने घरी पडून होती. काकूंनी बैठकीत सांगितलं, "हप्ता दिला हं मी." आणि जिच्या हातात वही होती तिने, पैसे समोर नसताना, पान मागे उलटून न बघता, लिहून टाकलं.

ते अक्षर आमचं होतं, बायांनो. समन्वयकाचं.

गोष्टीत गुप्तहेर चोर शोधत जातो. आमच्या गोष्टीत शोधायला बसलेलीच चुकलेली निघाली. त्या क्षणी वाटलं, वही मिटून ठेवावी आणि हिशोबाची काहीतरी गडबड होती असं मोघम सांगून मोकळं व्हावं. पण अध्यक्षबाई समोर बसलेल्या होत्या, आणि त्यांनीही ते अक्षर ओळखलं होतं.

आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगितलं, की चूक आमची आहे, तुमच्या सुनेची नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, वही उघडून, दोन्ही नोंदी दाखवून. ती आली होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, चूक कुणाचीही होते. पण मला येऊन कुणी विचारलं नाही, एवढंच वाईट वाटलं." त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पेटीची किल्ली परत घ्यायला तिने दोन महिने नाही म्हटलं. आता घेतली आहे. आणि आता गटाचा नियम आहे, की पैसे समोर मोजल्याशिवाय नोंद नाही, वही आणि पासबुक एकाच वेळी लिहायचं, आणि समन्वयकाने गटाच्या वहीत लिहायचंच नाही. बघायचं, लिहायचं नाही.

आता पुन्हा अमेरिकेत जाऊ. कारण तिकडेही न विचारता नाव घेण्याची एक मोठी गोष्ट घडली, आणि ती याच गुप्तहेरांच्या बाबतीत.

सॅम स्पेडचा कार्यक्रम फार लोकप्रिय होता. सॅमचं काम हॉवर्ड डफ करायचा. सॅमची सेक्रेटरी एफी, तिचं काम लुरीन टटल करायची. गोष्ट अशी, की सॅम काम संपवून ऑफिसात येतो आणि एफीला अहवाल तोंडी सांगतो, ती लिहून घेते. तिने लिहिलं नाही तर गोष्टच नाही. आपल्या गटाच्या सचिवांनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मारामारी त्याची आणि लिखापढी बाईची!" या कार्यक्रमाला पैसे देणारी कंपनी डोक्याला लावायचं क्रीम तेल विकायची.

तर १९५० च्या जून महिन्यात तिकडे 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीवर काम करणाऱ्या १५१ जणांची त्यात यादी. हे कम्युनिस्टांच्या जवळचे आहेत, असा त्या यादीचा रोख. कोर्ट नाही, साक्ष नाही, गुन्हा नाही. कुठल्या सभेला गेले, कुठल्या पत्रकावर सही केली, एवढ्यावर नाव. त्या यादीत हॉवर्ड डफ होता आणि हॅमेटही होता. कंपन्या घाबरल्या. तेलवाल्या कंपनीने सॅम स्पेडला पैसे देणं बंद केलं. त्याच्या जागी दुसरा गुप्तहेर उभा केला, त्याचं नाव ठेवलं चार्ली वाइल्ड. तेलाच्या जाहिरातीत चार्ली नावाच्या माणसाला तेल लाव म्हणून सांगायचे आणि तेलाचं नाव वाइल्डरूट, त्यावरून हे नाव! श्रोत्यांनी सॅमसाठी पत्रं लिहिली. कार्यक्रम पुन्हा काही महिने आला, पण डफशिवाय, दुसरा नट घेऊन. १९५१ मध्ये तो कायमचा बंद झाला.

हॅमेटचं तर आणखी वाईट झालं. एका जामीन निधीला पैसे कुणी कुणी दिले, त्यांची नावं सांग, असं त्याला १९५१ मध्ये कोर्टात विचारलं. त्याने सांगितली नाहीत. कोर्टाचा अवमान म्हणून तो तुरुंगात गेला, पाच महिने राहिला. तब्येत आधीच खराब. १९६१ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. म्हणजे ज्या माणसाने न विकला जाणारा गुप्तहेर लिहिला, तो स्वतःही दुसऱ्यांची नावं द्यायला तयार झाला नाही.

आम्ही विचार करतो, हेच लोक रात्री रेडिओवर ऐकत होते, की पुराव्याशिवाय कुणाला गुन्हेगार म्हणू नये. आणि सकाळी यादीतलं नाव वाचून माणसाला कामावरून काढत होते. पाणवठ्यावरची कुजबुज आणि ती छापलेली यादी यांत फरक फक्त कागदाचा.

आता बाईमाणसांबद्दल. या नाटकांत एक गोष्ट आम्हाला खटकली, ती सांगायलाच हवी. त्यातल्या बायका दोनच तऱ्हेच्या. एक गोड बोलून फसवणारी, बहुतेकदा शेवटी तीच गुन्हेगार निघते. दुसरी ऑफिसात बसून वाट बघणारी. सुंदर बाई दारात आली की समजायचं, आता घात होणार. ऐकायला मजा येते, पण आठव्या-दहाव्या नाटकानंतर वाटतं, अरे, यांच्या शहरात साधी कष्टकरी बाई नव्हतीच का?

पण एक अपवाद आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून १९४९ ते १९५१ एक कार्यक्रम व्हायचा, कँडी मॅटसन. ही बाई स्वतःच खासगी गुप्तहेर! टेलिग्राफ हिल नावाच्या टेकडीवर एकटी राहणारी. फोन वाजतो, ती उचलते, काम घेते, फी ठरवते, आणि निघते. हे काम नॅटली पार्क्स नावाची नटी करायची आणि लिहायचा तिचा नवरा, माँटी मास्टर्स. असं सांगतात, की नवऱ्याने आधी गुप्तहेर पुरुषच योजला होता. त्याच्या सासूबाईंनी सुचवलं, की बाई का नको? घरातल्या म्हातारीचं ऐकलं तर काय होतं बघा. कँडीचा एक पोलीस मित्र असतो, इन्स्पेक्टर मॅलार्ड. शेवटच्या भागात तो तिला लग्नाची मागणी घालतो आणि कार्यक्रम संपतो. आम्हाला मात्र वाटलं, लग्न झालं म्हणून तपास का थांबावा? आपण तर लग्नानंतरच सगळे तपास लावले.

आता मिश्रीची गोष्ट. ही नीट ऐका.

मार्टिन केन नावाचा गुप्तहेर १९४९ मध्ये रेडिओवर आणि लगेच टीव्हीवरही आला. त्याला पैसे देणारी कंपनी तंबाखूची. त्यांनी काय केलं, जाहिरात नुसती मध्ये घातली नाही, तर गोष्टीतच तंबाखूचं दुकान घातलं. गुप्तहेर तपास करता करता त्या दुकानात जाणार, दुकानदाराशी गप्पा मारणार आणि बोलता बोलता तंबाखूचं कौतुक होणार. ऐकणाऱ्याला वाटायचं, गोष्टच चाललीय.

ते काम करणाऱ्या नटाचं नाव विल्यम गार्गन. पुढे तो बॅरी क्रेग नावाचा गुप्तहेरही झाला. त्याची सगळी कमाई आवाजावर. १९६० मध्ये त्याला घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांना त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. ज्याने आवाजावर पोट भरलं, त्याचा आवाजच गेला. पण तो घरी बसला नाही. अन्ननलिकेतून हवा बाहेर सोडत बोलायची एक पद्धत असते, ती तो कष्टाने शिकला. आणि त्या घोगऱ्या आवाजात गावोगाव जाऊन, कॅन्सर सोसायटीच्या वतीने लोकांना सांगत राहिला, की सिगारेट सोडा.

आपल्यात कितीजणी सकाळी उठल्यावर मिश्री लावतात? हात वर करायला रेडिओवर दिसत नाही, म्हणून खरं उत्तर मनात द्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पोट साफ होतं, दात दुखायचे थांबतात, असं आपल्याला कुणीतरी सांगितलं आणि आपण पोरीबाळींना सांगितलं. तोंडात पांढरा चट्टा, लाल चट्टा, बरी न होणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. वेळेवर दाखवलं तर उपाय असतो. आपलाही तपास आपणच करायचा असतो.

जॉनी डॉलरचा शेवटचा भाग ३० सप्टेंबर १९६२ ला झाला. त्याच रात्री 'सस्पेन्स' नावाचं दुसरं जुनं नाटकही संपलं. अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ नाटकाचा तो शेवटचा दिवस मानतात. सगळं टीव्हीकडे गेलं. पण ध्वनिमुद्रणं राहिली, म्हणून आम्हा बायकांना ती एका पावसात, लाइट गेलेली असताना ऐकता आली.

त्या गुप्तहेरांचं सगळंच काही आम्हाला पटत नाही. ते दारू फार पितात, हात लगेच उचलतात, आणि सगळं एकट्याने करतात. एकट्याचं ते शौर्य नाटकात शोभतं. गावात एकटी बाई काही शोधायला निघाली तर तिलाच दोष येतो. म्हणून आपल्याला बारा जणी लागतात, तीन सह्या लागतात, आणि उघडी वही लागते. पण त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढं: आधी विचारा, मग बोला. आणि विचारायचं ते ज्याच्याबद्दल बोलतोय त्यालाच.

आमच्या मनात एक आहे. येत्या दिवाळीनंतर आपल्या केंद्रावर आपण एक रेडिओ नाटक करायचं. गुप्तहेर बाई, नऊवारी नेसलेली, काखेत गटाची वही. करवंट्या आणि पत्रा आम्ही आणतो. दार केंद्रावर आहेच, करकरतंही. ज्यांना आवाज द्यायचाय, लिहायचंय, त्यांनी पुढच्या शनिवारच्या बैठकीला आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावं. चाळिशी उलटलेल्यांनी आधी द्यावं.

आणि आज रात्री जेवणं झाल्यावर आपल्या गटाची वही एकदा काढा. मागचं पान उघडा. बाब पहिली.

नमस्कार.